सावरझिऱ्याची पेटी

“‘जाणूनबुजून’ हा शब्द काढा,” मी म्हणाले.

भाऊंनी टिपणावरून डोळे वर केले. “बाई, अख्ख्या भाषणाचा दम त्या एका शब्दात आहे.”

“म्हणूनच काढा. त्याला पुरावा नाही.”

तोताराम झांबरे यांना सगळा खानदेश भाऊ म्हणे. लोकसभेत विरोधी बाकांवर बसण्याची त्यांची ती तिसरी खेप होती. मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवत असे आणि बिनपगारी रजा घेऊन त्यांची संशोधन सहायक म्हणून दिल्लीला आले होते. राजकारणावर माझा विश्वास नव्हता, अविश्वासही नव्हता. समोर आकडे यावेत आणि ते तपासता यावेत, एवढीच माझी अपेक्षा होती.

आकडे होते. त्या काळी मतमोजणी पेटीपेटीने होत असे. खेड्यात एक गाव म्हणजे एक केंद्र आणि एक पेटी. माणसाचं मत गुप्त राहत असे, गावाचं राहत नसे. मोजणीच्या संध्याकाळी कोणतं गाव कोणाकडे झुकलं ते तालुक्यातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा कळे. भाऊंचा संशय असा, की पंचवार्षिक योजनेतले नळ त्या पेट्या पाहून गावात येतात किंवा येत नाहीत. मी तीन तालुक्यांतली गावं जोड्या लावून तपासली. लोकवस्ती सारखी, रस्ता सारखा, विहिरींचं पाणी सारखंच खारं; वेगळं फक्त मत. जिथे पेटी सरकारपक्षाची, तिथे बहुतेक ठिकाणी नळ आला होता. जिथे भाऊंची, तिथे जवळपास कुठेच नाही. हे योगायोगाने घडण्याची शक्यता नगण्य होती. पण दोन गोष्टी सोबत चालतात म्हणून एक दुसरीला चालवते, असं होत नाही. योजना ठरवणाऱ्याच्या टेबलावर पेट्यांचे आकडे होते हे दाखवता आलं असतं, तरच भाऊंचा शब्द टिकला असता.

“मंत्री काय म्हणेल? ‘योगायोग’?” भाऊंनी विचारलं.

“मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.”

“तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या, बाई?” असं म्हणत त्यांनी पेन उघडलं आणि तो शब्द खोडला.

भाऊंच्या दिल्लीतल्या घराच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे असलेले सुपडूआप्पा सोनवणे हे सगळं ऐकत होते. आप्पा सावरझिरे गावचे सरपंच. आदल्या दिवशी गाडीने आले होते ते हातात सरबताची जुनी बाटली घेऊन. तिच्यात गावच्या विहिरीचं पाणी होतं. मंत्र्याला ते एक घोट प्यायला लावायचं, या एकाच हेतूने त्यांनी तिकीट काढलं होतं.

“भाऊ,” ते म्हणाले, “शब्द काढा का ठेवा, मले त्यातलं समजत नाही. पण गावाचं नाव घ्या ना आमच्या. कायले लपवता?”

“नाव घेतलं की तुम्ही उघड्यावर पडाल, आप्पा.”

“आता कोणत्या माडीत बसेल हायेत आम्ही?”

भाऊ हसले. आप्पा हसले नाहीत. “माह्या धाकट्या भावाचे गुर्दे गेले. त्याच्या आधी चुलतीचे गेले. गावात दर घराआड एक हाये.”

त्या पाण्याचा आणि मूत्रपिंडांच्या विकाराचा संबंध तोवर निर्णायकरीत्या सिद्ध झालेला नव्हता. मी तसं सांगितलं.

“सिद्ध होईपर्यंत गावात ऐकाले कोण राहीन, बाई?” आप्पांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला खरोखर उत्तर ठाऊक असेल, असं वाटून त्यांनी विचारलं होतं.

भाऊंनी गावाचं नाव टिपणात घातलं नाही.

संसद भवनाच्या दारावर आप्पांची बाटली काढून घेतली. “पाणीच हाये ना बापा, पिऊन पाहा,” ते सुरक्षारक्षकाला म्हणाले. त्याने बूच उघडून वास घेतला आणि बाटली बाकाखाली सरकवली. प्रेक्षक दीर्घेत शिरताना मी त्यांना नियम समजावले: बोलायचं नाही, टाळी नाही, खुणा नाहीत, पुढच्या कठड्यावर वाकायचं नाही.

“मंग देवळातच आणलं म्हना,” ते म्हणाले आणि टोपी नीट करून बसले.

निवडणूक कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक चर्चेला होतं. भाऊंनी त्यात एक उपसूचना मांडली होती. मोजणीआधी सगळ्या पेट्यांमधली मतपत्रं एकत्र मिसळावीत, म्हणजे कोणत्या गावाने काय केलं ते कोणालाच कळू नये. चार ओळींची उपसूचना. ती मंजूर व्हावी एवढं संख्याबळ विरोधकांकडे नव्हतं. पण सत्ताधारी बाकांवरचे काही ग्रामीण खासदार खासगीत तिच्या बाजूचे होते, आणि मतविभागणीची, म्हणजे सभागृहात मोजून मतं घेण्याची, वेळ आली तर ते सभागृहाबाहेर जाऊन बसतील अशी भाऊंची अटकळ होती. तसं झालं असतं तर निकाल अवघ्या पाचपंचवीस मतांवर आला असता. सकाळपासून ते चहासुद्धा घेत नव्हते, त्याचं कारण हेच होतं.

भाऊ चांगले बोलले. त्यांच्या हिंदीत खानदेश भरलेला होता आणि समोरच्या बाकांवरून नेहमी त्याची टिंगल होई.

“झांबरेजी, हिंदीत बोला!” कोणीतरी ओरडलं.

“हिंदीच आहे, महाराज. तुमच्या राजधानीपर्यंत पायी आली, म्हणून धुळीने भरली आहे.”

दोन्ही बाजू हसल्या. मग ते आकड्यांकडे वळले. एकेक जोडी मांडत गेले, आवाज न चढवता. योजना आयोगाच्या कागदांवर नळ लोकसंख्येप्रमाणे वाटायचे ठरलेले असतात, ते जमिनीवर उतरतात तेव्हा दुसऱ्याच हिशेबाने उतरतात, असं म्हणाले. शेवटी एक गाव त्यांनी नाव न घेता उभं केलं. “माझ्या मतदारसंघात एक गाव आहे. तिथल्या विहिरीचं पाणी गुरंसुद्धा नाक मुरडून पितात. मंजुरी तीनदा आली आणि तीनदा परत गेली. गावाचं नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही, ते या सभागृहाला समजावं, म्हणूनच माझी ही उपसूचना आहे.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी मात्र खाली दुसरीकडेच पाहत होते. सभागृहाच्या कोपऱ्यात अधिकाऱ्यांसाठी एक दीर्घा असते. मंत्र्यांना भर चर्चेत माहिती लागली, की तिथून चिठ्ठी येते. भाऊ अजून बोलत होते तेव्हाच तिथल्या एका चष्मेवाल्या अधिकाऱ्याने फाइल उघडली, एका पानावर बोट ठेवलं, चार ओळी लिहिल्या आणि चिठ्ठी पाठवली. त्याला शोधाशोध करावी लागली नाही.

नियोजन खात्याचे राज्यमंत्री त्रिभुवन सहाय हस्तक्षेप करायला उठले. माणूस मृदू, बारीक आवाजाचा. बोलताना दोन्ही हात एकमेकांत गुंफून धरण्याची त्यांची सवय होती. टीका त्यांना कधी लागत नसे.

“अध्यक्ष महाराज, माननीय सदस्यांच्या अभ्यासाचा मला नेहमीच आदर वाटतो. त्यांनी ज्या गावाचा उल्लेख केला त्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या भावनेचा मान राखून मीही सांगत नाही.” हशा. “पण ज्या गावाने आपल्या शंभरातली त्र्याण्णव मतं झांबरेजींच्या पदरात टाकली, त्या गावाला आमचं सरकार पाण्यापासून वंचित ठेवील, असा समज कृपा करून कोणी करून घेऊ नये. मी या सभागृहात आश्वासन देतो. या आर्थिक वर्षात त्या गावात नळ येईल.”

सत्ताधारी बाकं वाजली. विरोधी बाकंही वाजली; इतकं उमदं उत्तर मिळालं की बाक वाजवण्याचीच रीत होती.

मी तिथेच बसून तो आकडा पडताळला. सावरझिरे: त्र्याण्णव. भाऊंच्या भाषणात तो नव्हता. गावाचं नाव नव्हतं, तालुका नव्हता. खाऱ्या पाण्याची आणि परत गेलेल्या मंजुरीची गावं तिथे डझनावारी होती. मी ते आकडे तालुक्यातालुक्यांतून गोळा केले होते, त्यात एक हिवाळा गेला होता. चष्मेवाल्याने नुसतं पान उलटलं होतं.

सकाळी जो पुरावा नव्हता तो मंत्र्यांनी स्वतः, माइकवर, हसत दिला होता. आणि सभागृह बाकं वाजवत होतं.

“आपल्याच गावाचं बोलले ना?” आप्पांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं. “बाई, नळ येते म्हने! आपल्याच ना?”

“हो,” मी म्हणाले. “तुमच्याच.”

त्यांनी कठड्यावर वाकून दोन्ही हात जोडले. मागून रक्षकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला; ते खाली बसले, पण हात जोडलेलेच राहिले.

“माननीय सदस्य,” अध्यक्षांनी विचारलं, “मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर आपण उपसूचना मागे घेत आहात का?”

हे विचारणं उपचाराचं होतं, आणि त्याचं उत्तरही. मंत्री आश्वासन देतात, सदस्य आभार मानतो, उपसूचना मागे घेतो. भाऊ या रिवाजाचे कट्टर पाईक होते; आश्वासन घेऊन वर मतदान मागणाऱ्याला ते स्वतः असंस्कृत म्हणत. रिवाज मोडून त्यांनी मतविभागणी मागितली असती, तर मंत्री आपल्या शब्दातून त्याच क्षणी मोकळे झाले असते.

भाऊ उभे राहिले. त्यांनीही आकडा ऐकला होता. ते चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी मंत्र्यांकडे पाहिलं. मग मान वर करून दीर्घेकडे, आप्पांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

“झांबरेजी?”

“मंत्रिमहोदयांचे आभार,” भाऊ म्हणाले. “मी माझी उपसूचना मागे घेतो.”

बाहेरच्या गोल व्हरांड्यात ते एका खांबाशी उभे होते. आप्पांनी वाकून त्यांचे पाय धरले, मग बाटली परत घ्यायला दाराकडे धावले.

“ऐकलंत?” भाऊंनी मला विचारलं.

“ऐकलं.”

“मग आता तो शब्द ठेवता येईल?”

“आता ठेवता येईल. पण कुठे ठेवणार? चर्चा संपली.”

त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सहाय आले. सोबत चष्मेवाला होता. सहायांनी भाऊंचा हात दोन्ही हातांत घेतला. “झांबरेजी, रागावू नका. तुमच्या लोकांची काळजी तुम्हाला, तशी आम्हालाही.” मग माझ्याकडे वळून, “हा अभ्यास आपला? सुंदर काम आहे. जोड्या लावण्याची कल्पना तर फारच छान. आपण तीन तालुके घेतलेत ना?”

“हो.”

“आमच्याकडे सगळा देश आहे,” ते म्हणाले. “पण तो असा मांडणारं माणूस नाही. कंटाळलात तर कळवा.”

ते निघून गेले. त्यांच्या बोलण्यात धमकीचा अंशही नव्हता. मी त्यानंतर ते वाक्य अनेकदा तपासलं आहे. ते नोकरीचं आमंत्रणच होतं.

नळ आला. आश्वासन दिल्याप्रमाणे, मुदतीच्या आत. उद्घाटनाला जिल्ह्यातले आजूबाजूचे सरपंच गाड्यांनी आणले होते. विस्तार अधिकाऱ्याने त्यांना टाकी दाखवली, तोटी सोडून दाखवली, आणि पुढची निवडणूक जवळ आली आहे एवढंच सांगितलं. आणखी काही सांगण्याची आवश्यकता नव्हती. भाऊंना आमंत्रण नव्हतं.

त्या निवडणुकीत भाऊ पडले. पेट्या एकेक करून फोडल्या गेल्या तेव्हा मी मोजणीच्या शाळेत बसले होते. खाऱ्या पाण्याची गावं ओळीने सरकारपक्षाकडे गेली. सावरझिऱ्याच्या पेटीत सहाशेवर मतं होती. त्यांतली भाऊंची नऊ निघाली.

निकालानंतरच्या आठवड्यात मी भुसावळला भाऊंच्या घरी होते. दिल्लीची जागा सोडायची होती. कोणती कागदपत्रं ठेवायची, कोणती रद्दीत घालायची ते ठरवत आम्ही ओसरीवर बसलो होतो. दुपारी आप्पा आले. दिल्लीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी भाऊंना नमस्कार केला, पण बसले नाहीत.

“बस ना, आप्पा. पाणी घे,” भाऊ म्हणाले आणि स्वतःच हसले. “आता तर तुझ्या घरचंच गोड झालं.”

“भाऊ, गावानं ठरवलं होतं. मीच ठरवलं, पारावर बसून. नळ दिला त्यांना मत. वरच्या वस्तीचा नळ अजून बाकी होता.”

“मी कुठे काय म्हणतो? माझ्यावर राग काढायला आलास का?”

“नाही.” आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “बाईंकडे काम हाये.”

ते माझ्यासमोर उकिडवे बसले. आवाज खाली आणला.

“पेटीत नऊ निघाले, बाई. साहेब आला होता तालुक्याचा. म्हने, बाकीच्या गावांत अजून कामं द्यायची हायेत, आम्हाले तुमचं गाव दाखवता आलं पाहिजे, मंग हे नऊ कोण? म्हने, सरपंच, तुम्ही शोधा. तुमचंच गाव.”

“आणि?”

“सात सापडले.”

भाऊंच्या हातातला कागद तिथेच थांबला. “सापडले म्हणजे?”

“विचारलं आम्ही. घरोघर.” आप्पा जमिनीकडे पाहत होते. “दोघं स्वतःहून बोलले. तात्या बोरोल्याच्या पोराले बोलतं करा लागलं. त्यानं बाकीचे सांगितले.”

“त्यांचं पुढे काय केलं?” मी विचारलं.

“काही नाही केलं. वरच्या वस्तीतले हायेत सहा. नळ गेला वस्तीचा. साहेब म्हने, दोन वर्षांनी पाहू.”

आत भाऊंच्या सूनबाई पोळ्या करत होत्या, त्यांच्या पोळपाटाचा आवाज येत होता.

“दोन राहिले, बाई,” आप्पा म्हणाले. “तेच विचाराले आलो. तुम्ही तर सगळं आकड्यांवरून काढता. कोणत्या गावाले नळ का नाही, ते काढलं. हे दोन कोण, ते तुमच्या शास्त्रानं निघते का?”

“तुम्हाला ते शोधायचे आहेत?” मी विचारलं. माझा आवाज बहुधा कोरडा झाला असावा.

“निघते का, तेवढं सांगा.”

“एका पेटीवरून? नाही. कोणीही दोन असू शकतात. आकड्यांना चेहरा नसतो.”

“साहेबाच्या दिल्लीवाल्यांनाही नाही निघणार?”

“त्यांनाही नाही. त्यांच्याकडेही तोच आकडा आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

आप्पांनी डोळे मिटले. खांदे एकदम खाली आले, इतके की ते पडतात की काय म्हणून भाऊ पुढे सरकले. मग त्यांनी डोळे उघडले, समोरचा तांब्या उचलला आणि पाणी सगळं पिऊन टाकलं. तोंड पुसत ते उठले.

“मंग सांगतो साहेबाले. बाईनं गणित केलं, निघत नाही म्हने.” पायरीवर चपला घालताना ते थांबले. आमच्याकडे पाठ होती. “घरी तिलेबी सांगतो. निकालापासून झोपली नाही ती. रात्रभर पुसते मले, आपण दोघं सापडू का म्हनून.”

भाऊ उभे राहिले. “आप्पा—”

पण ते फाटकाबाहेर गेले होते. भाऊ बराच वेळ त्या मोकळ्या फाटकाकडे पाहत राहिले. परत येऊन बसले, तेव्हा त्यांना समोरचे कागद दिसत नव्हते.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही त्याला धीर देण्यासाठी म्हणालात, की खरंच निघत नाही?”

“आज निघत नाही.”

“आज म्हणजे?”

“पुढच्या मोजणीला त्या पेटीत पुन्हा दोनच निघाले, तर पुन्हा कोणाला कळणार नाही,” मी म्हणाले. “पण कधी ते दोघं मतदानाच्या दिवशी लग्नकार्याला म्हणून गावाबाहेर असले, आणि त्या खेपेला पेटीत एकही निघालं नाही, तर निघेल.”